चतकोर भाकरीचा इतिहास

जानेवारीच्या शेवटी मंगळवेढ्याच्या शिवारात उभं राहिलं, की नजर पोचेल तिथवर शाळू दिसतो. माणसाच्या डोक्यावरून जाणारी ताटं, टोकाला टपोऱ्या दाण्यांची कणसं आणि पायाखाली भेगाळलेली काळी जमीन. भेगा अशा, की हात सहज आत जावा. इथे पाट नाही, विहिरीचं पाणी नाही, ठिबकची नळी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने जी ओल खोलवर मुरली, तिच्यावर आणि थंडीतल्या दवावर हे पीक चार महिने काढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटं मुळासकट उपटायची, वाळू द्यायची, कणसं खुडायची, खळ्यावर मळायची. दाणा माणसाला, कडबा जनावराला. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि इथल्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

भाकरी हा महाराष्ट्राच्या घरातला सगळ्यात साधा पदार्थ. पीठ, पाणी आणि आच. मीठसुद्धा बहुतेक घरांत पडत नाही. पण या साधेपणामागे चार-पाच हजार वर्षांचा प्रवास आहे, दुष्काळ आहेत, सरकारी धोरणं आहेत, जातीची उतरंड आहे आणि पहाटेच्या अंधारात राबलेले बायकांचे हात आहेत.

ज्वारी इथली वाटते, इतकी ती या मातीत मुरली आहे. तिचं मूळ मात्र आफ्रिकेत. पूर्व सुदानात सापडलेल्या अवशेषांवरून असं दिसतं, की इसवी सनापूर्वी ३००० च्या आधीच तिथले लोक रानटी ज्वारीला शेतात आणत होते. बाजरी आली ती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातून, आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून. ही धान्यं भारतात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आसपास पोचली. कोरडवाहू जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि कडक ऊन या तिन्ही गोष्टींची त्यांना आफ्रिकेतच सवय होती. त्यामुळे दख्खनच्या पठारावर ती परकी राहिली नाहीत.

ती इथे रुळण्याआधी दख्खनचा शेतकरी काय खात होता, याचं उत्तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी मिळतं. इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. मातीची घरं, धान्य साठवायचे खड्डे, चुली, पाटे-वरवंटे. त्या वस्तीचं मुख्य धान्य होतं जव. म्हणजे आपण ज्या जेवणाला अस्सल गावरान म्हणतो, त्याचा पाया ज्वारीने नंतर घातला. हळूहळू जव मागे पडला आणि काळ्या रानावर जोंधळ्याचं राज्य आलं.

जोंधळा, शाळू, ज्वारी, जवारी अशी नावं भाषेत रुजली. शेजारी कानडीत तो जोळ झाला, तेलुगूत जोन्न. सोलापूरची भाकरी आणि विजापूरची जोळद रोट्टी सख्ख्या बहिणी आहेत.

काळ्या जमिनीने धान्य दिलं, तसं ते सांभाळायची जागाही दिली. गावोगावी जमिनीत पेवं खोदलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा आणि भुसा लावून कोरडं केलेलं. वरून माती घालून पेव बंद केलं, की हवा आत जात नसे आणि कीड माजत नसे. एका चांगल्या सालाची ज्वारी दोन-तीन सालं पुरवायची हीच सोय होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने जीव जातो, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असे.

मंगळवेढ्याची सगळ्यात मोठी कथा याच साठवणीची आहे. पंधराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात इथले अधिकारी दामाजीपंत यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली केली, आणि त्यांच्या सुटकेसाठी विठ्ठल स्वतः महाराचं रूप घेऊन भरपाई करून आला, असं परंपरा सांगते. कथेतला चमत्कार श्रद्धेचा. पण लोकांनी शतकानुशतकं जपलेला संत हा कोठाराची कुलपं उघडणारा अधिकारी असावा, यात त्या मुलखाचा अनुभव बोलतो. इथे धान्य पिकायचं भरपूर, आणि पाऊस चुकला तर माणसं मरायचीही भरपूर.

१८७६-७८ च्या दुष्काळात हे पुन्हा दिसलं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबापर्यंत खाली आणायची, असं ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला तेवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या पुरत नाहीत, हे समजायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भुकेल्या माणसांनी भाकरीच्या मापासाठी केलेला तो संप होता.

आता जरा चुलीपाशी यावं.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं. पाणी लागलं की त्याचं जाळं तयार होतं, कणीक ताणली जाते, लाटली जाते. ज्वारीत ते नाही. म्हणून ज्वारीचं पीठ लाटायला गेलं तर फाटतं. ही अडचण बायकांनी दोन गोष्टींनी सोडवली: गरम पाणी आणि तळहात. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधून धरतो. मग एका भाकरीपुरता गोळा काठवटीत किंवा परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने चांगला मळायचा, खाली पीठ भुरभुरायचं आणि थापायला सुरुवात करायची. प्रत्येक थापेबरोबर भाकरी किंचित फिरते आणि किंचित मोठी होते. कड फाटली तर बोटाने सांधायची. दोन्ही हातांवर तोलून ती तव्यावर टाकायची, ती पिठाची बाजू वर ठेवून. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. त्या पाण्याने वरचं कोरडं पीठ शिजून पातळ पापुद्रा धरतं. पाणी सुकत आलं की उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करायची. आतली वाफ बाहेर पडायला धडपडते, पापुद्रा ती अडवतो आणि भाकरी टम्म फुगते. पाणी लावायला उशीर झाला, किंवा ते फार सुकलं, तर पदर सुटत नाही.

या सगळ्याला पीठ ताजं लागतं. ठेवणीतल्या पिठाची विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा कमी होतो, आणि भाकरी थापतानाच मोडायला लागते. म्हणून दळण रोजचं किंवा दोन-चार दिवसांचं. गिरणी येण्याआधी पहाटे जात्याचा खुंटा धरून बाईचा दिवस सुरू होई. जातं ओढायचं काम एकसुरी आणि जड, म्हणून त्याच्या लयीवर ओव्या आल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीता असं सगळं त्यात आलं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. भाकरीच्या पिठाबरोबर किती साहित्य सांडत होतं, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या तेव्हा बायकांचे खांदे सुटले. ओव्या मात्र पहाटेच्या कामातून निघून वयस्क बायकांच्या आठवणीत गेल्या.

भाकरीचं मोजमापही भाषेने घरातच घडवलं. अर्धी, चतकोर, नितकोर, कुटका. एकावर एक रचली की चवड. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणजे दुसऱ्याच्या कामात आपला जीव शिणवायचा. दृष्ट लागली म्हणून ओवाळून टाकायचा तो भाकरतुकडा. सकाळची न्याहारी म्हणजे रात्रीची शिळी भाकरी, दुधात किंवा ताकात कुस्करून. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो. त्यामुळे शिळी भाकरी कडक होते आणि पोटात सावकाश पचते. औतामागे जाणाऱ्या माणसाला हा सावकाशपणा दुपारपर्यंत पुरे.

मुलूख बदलला की भाकरीही बदलते. कोकणात ती तांदळाच्या उकडीची, मऊ आणि पांढरी. सह्याद्रीच्या डोंगरात नाचणीची. थंडीत देशावर बाजरीची, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली, मिसळीच्या भाजीबरोबर. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, सोबत ठेचा. विदर्भात गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात आणि पानग्यांसाठी पीठ पळसाच्या पानांत गुंडाळून आरात ठेवतात. ओव्हन हा शब्द माहीत नसताना या मुलखात राखेतलं आणि निखाऱ्यावरचं भाजणं पक्कं रुजलेलं होतं.

भाकरीच्या सोबतीला ताटात जे असतं, त्याचाही इतिहास लांबचा आहे. ठेच्यातली मिरची आणि चटणीतले शेंगदाणे दोन्ही मूळ अमेरिकेतले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेले. म्हणजे सोलापूरच्या ताटात आफ्रिकेचं धान्य, अमेरिकेचा शेंगदाणा आणि मध्य आशियातला लसूण-कांदा शेजारी बसतात. उखळात कुटलेल्या शेंगा-चटणीला तेल सुटतं, त्यात भाकरीचा तुकडा फिरवायचा. त्याला अस्सल म्हणायला हरकत नाही, कारण ते एकत्र आणायचं काम इथल्या बायकांनी केलं.

आणि ही सोबत केवळ चवीची नव्हती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतं. बाजरीत लोह ८ मिलिग्रॅम, नाचणीत कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅम. सडलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिनं ६.८ ग्रॅम, लोह १ मिलिग्रॅमहून कमी आणि कॅल्शियम १० मिलिग्रॅम. आकडे ज्वारीच्या बाजूचे आहेत. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळत होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत होते, तोंड येतं, जुलाब होतात, मन थाऱ्यावर राहत नाही. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये याचा संबंध ज्वारीच्या प्रथिनांत जास्त असलेल्या ल्युसिनशी जोडला. पुढे त्यावर शास्त्रज्ञांत बराच ऊहापोह झाला. पण एक गोष्ट स्पष्ट होती: रोग होत होता तो ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज फारसं काही नव्हतं त्यांना. पिठल्यातलं बेसन, डाळीचं कालवण, अंबाडीची किंवा चाकवताची भाजी, वाटीभर ताक, मूठभर शेंगदाणे हे ज्याच्या वाट्याला येई, त्याचं ताट भरलेलं असे. जो नुसत्या भाकरीला मीठ-मिरची लावून खाई, त्याचं पोट भरे, अंग भरत नसे.

भाकरीचं वाटप तर जातीने ठरवलेलं होतं. बलुतेदारांना खळ्यावर धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, मिळे आणि त्यात उच्चनीच असे. गावाची हलकी कामं लादलेल्या महार समाजाच्या वाट्याला घरोघरी फिरून मागितलेली शिळी, उरलेली भाकरी येई. तिला हक्क म्हटलं जाई, पण हक्काने मिळणाऱ्या त्या तुकड्यात अपमान भिजलेला असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेलं उष्टं-शिळं अन्न सोडून देण्याचं आवाहन केलं. चवदार तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काइतकीच ती भाकरीच्या सन्मानाचीही हाक होती. पुढे दया पवार यांनी १९७८ मध्ये आत्मकथन लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘बलुतं’. खेड्यातल्या भाकरीच्या आठवणी गोड करून सांगताना हा भाग गाळला, तर इतिहास खोटा होतो.

स्वातंत्र्याच्या आसपास भाकरीचं राज्य डळमळू लागलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू जहाजांनी बंदरात उतरू लागला. पुढे हरितक्रांतीने पंजाबचा गहू वाढवला आणि रेशन दुकानाच्या पोत्यांत प्रामुख्याने गहू-तांदूळच राहिले. जे स्वस्तात मिळतं तेच घरात शिजतं. शिवाय चपाती लाटायला सोपी, डब्यात मऊ राहते, आणि सणासुदीला, पाहुण्यांना, पैसेवाल्यांच्या घरी पोळी असे. तीच रोज परवडू लागली, तेव्हा भाकरी मागासलेपणाची खूण ठरली. शाळेच्या डब्यात भाकरी नेणारी मुलं ती झाकून खाऊ लागली.

ज्वारीचंही संशोधन झालं. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी वाणातून १९३० च्या दशकात निवडलेलं एम ३५-१ अजूनही रब्बीत टिकून आहे, कारण त्याचा दाणा भाकरीला गोड आणि कडबा जनावरांना आवडीचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस होतं, पण ती खरिपातली. कापणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा बुरशीने काळा पडे. ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी खेड्यांत ज्वारीचंच नाव होऊन बसला, आणि ‘हायब्रीडची भाकरी’ म्हणजे चव नसलेली, गार झाली की वातड होणारी. तिने लाखो लोकांना जगवलं हे खरं. तिने भाकरीचं नाव खराब केलं, हेही तितकंच खरं.

मग १९७२ आलं. लागोपाठच्या अवर्षणाने विहिरी आटल्या, पेवं तर कधीच रिकामी झाली होती. सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची, बंडिंगची कामं काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. रेशनवर आला अमेरिकेचा मिलो, म्हणजे जनावरांना घालायची लालसर ज्वारी. त्या पिढीच्या तोंडी मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. याच दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा घडला. तो १९७७ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. एक शतकापूर्वी एक पौंड धान्यासाठी संप करणाऱ्या मजुरांच्या नातवंडांना कामाचा हक्क मिळाला.

पाऊसमान सुधारलं तरी ज्वारी पूर्वीसारखी परतली नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठाने ऊस पसरला. ज्वारी काढायला माणसं लागतात, अंगाला कूस लागते, भाव मिळेलच असं नाही. उसाला कारखाना बांधलेला. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती. आज ती त्याच्या निम्म्याहूनही बरीच खाली आली आहे.

या उतरणीत भाकरी तगली ती बायकांच्या रोजगाराच्या रूपाने. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे आणि जेवण देणाऱ्या खाणावळी बायकाच चालवत. त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. योजना पुढे बंद पडली, पण घरातली भाकरी सरकारी पाटीवर आली हे त्या काळचं नवल होतं.

सोलापुरात तर जुनीच युक्ती कामाला आली. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर किंवा उन्हात ओल संपेपर्यंत वाळवायची. पाणीच उरलं नाही की बुरशी धरत नाही, आणि ही कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. प्रवासाला निघालेल्यांची, बाजारकरूंची ही जुनी शिदोरी. आता बचत गटांच्या बायका तिची पाकिटं करतात आणि ती शेंगा-चटणीबरोबर पुण्या-मुंबईला, परदेशातल्या लेकी-सुनांकडे जातात.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं आणि ज्वारी-बाजरी-नाचणी शहरी दुकानांत सजून बसली. घरोघरच्या ओव्हनमध्येही त्यांचे प्रयोग चालू झाले. तिथे जुनाच धडा नव्याने गिरवावा लागतो. ग्लुटेन नसल्याने ज्वारीच्या पिठाचा केक फुगत नाही, चुरतो. मग त्यात दही, अंडं किंवा कुस्करलेलं केळं घालून ते बांधावं लागतं, नाहीतर थोडी कणीक मिसळावी लागते. नानकटाईला मात्र हाच भुसभुशीतपणा फावतो: तूप, पिठीसाखर किंवा गूळ आणि भाजून घेतलेलं ज्वारीचं नाहीतर नाचणीचं पीठ. आजीने गरम पाण्याने जे साधलं, ते नात दह्याने साधते.

मंगळवेढ्यात मार्च सरता सरता खळी मोकळी होतात. कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, नवी ज्वारी पोत्यांत भरली जाते. घरची बाई त्यातल्या दोन पायल्या निवडून गिरणीत देते. पीठ परत आलं की ते अजून कोमट असतं. डबा भरण्याआधी ती चिमूटभर पीठ तळहातावर घेते, दोन थेंब पाणी टाकून अंगठ्याने चोळून पाहते. पीठ बोटाला धरतं. मग ती चुलीवर तवा ठेवते.